ईराचे पोहे

आमच्या ईराकडे जिद्द आहे, असं हल्ली सगळे म्हणतात. ती जिद्द तिनं कोणाकोणाच्या नाकावर टिच्चून टिकवली हे मात्र कोणी विचारत नाही, कारण विचारणाऱ्यांची स्वतःची नाकंच त्यात पहिल्या रांगेत बसलेली असतात. मी तिची आत्या. विमान कारखान्याच्या डिझाइन खात्यातून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि इकडे कानडी मुलखात, येलहंक्यात भाऊ-भावजयीच्या घरी वरच्या मजल्यावर राहते. त्यामुळे बोलायला मला कोणाची भीती नाही आणि वेळही भरपूर आहे.

ईरा तेवीस वर्षांची. बटरफ्लाय पोहते, दोनशे मीटर. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर काढून पुढे फेकायचे आणि अख्खं अंग कमरेतून उसळवायचं, असा तो प्रकार. बघणाऱ्यालाच दम लागतो. राज्याची चॅम्पियन ती कितीदा तरी झाली, पण देशाच्या संघात एकदाही गेली नाही. एकदा खांदा दुखावला, एकदा कावीळ झाली, आणि एकदा निवड समितीतल्या कोणाची तरी भाची तिच्यापेक्षा हळू पोहूनही पुढे गेली. तेविसाव्या वर्षी पोहणाऱ्या मुलीला आपल्याकडे म्हातारी समजतात. तिचे कोच नरसिंह सर भिडस्त गृहस्थ नव्हेत. त्यांनी सांगून टाकलं, "या रविवारची निवड चाचणी शेवटची. पहिल्या दोघींत आलीस तर संघात. नाहीतर तुझी लेन मला लहान मुलींना द्यावी लागेल." ईरानं घरी येऊन हे आम्हांला सांगितलं आणि ताटातला भात तसाच ठेवून उठली.

याच आठवड्यात आमच्या भागातल्या मराठी मंडळाला ईराचा शोध लागला. म्हणजे ती जन्मापासून इथेच होती. गणपतीत आरतीला टाळ वाजवायची, हळदीकुंकवाला तीळगूळ वाटायची. पण तेव्हा बायका तिला बघून एवढंच म्हणायच्या, "पोहून पोहून रंग किती उतरलाय हो हिचा!" परवा पेपरात तिचा फोटो आला आणि ती एकदम मंडळाची कन्या झाली.

मंडळाचे अध्यक्ष व्यंकोजीराव. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरहून इकडे आले, चिकपेटेत साड्यांचं घाऊक दुकान आहे, आणि घरात मराठीच बोलतात, फक्त त्यात कानडी इतकं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. चिटणीस पुष्कर. हा पुण्याहून आलेला, हेब्बाळच्या टेक पार्कात नोकरीला, आणि तोंडात निम्मं इंग्रजी. दोघं गुरुवारी दुपारी घरी आले. पुष्करला मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानासाठी ईराची फिल्म करायची होती. ती नुकतीच सरावाहून येऊन झोपली होती. तिला उठवलं.

"ईरा, तुझ्या जर्नीमधला बिगेस्ट स्ट्रगल कोणता?"

"तिसरे पन्नास मीटर," ईरा म्हणाली. "तिथे खांदा भरून येतो."

"नाही, म्हणजे घरची परिस्थिती वगैरे?"

"चांगली आहे."

पुष्करचा चेहरा पडला. "बाबांचा विरोध?"

"बाबा रोज पहाटे गाडीनं सोडतात."

"विहिरीत शिकलीस का? नदीत?"

"टँकमध्ये. पाठीला डबा बांधून."

"पाण्याची भीती तरी? लहानपणी कुणी बुडालं वगैरे?"

"नाही."

त्यानं माझ्याकडे आशेनं पाहिलं. "आत्या, काहीतरी ऑब्स्टॅकल असेलच ना?"

"आहे की," मी म्हटलं. "आत्ता तू तिची झोपमोड केलीस."

ते त्यानं रेकॉर्ड केलं नाही. शेवटी त्यानं तिला गच्चीवर अनवाणी उभं केलं आणि येलहंक्याच्या आकाशाकडे गंभीरपणे बघायला सांगितलं. नेमकं तेव्हाच वरून वायुदलाचं विमान गेलं, त्यामुळे तो शॉट पुन्हा घ्यावा लागला. पोरीची दुपार गेली ती गेलीच.

व्यंकोजीराव खाली चहा पीत होते. त्यांनी ठरवलं की रविवारी मंडळानं टँकवर जाऊन ईराला पाठिंबा द्यायचा. सगळ्यांनी सातला आमच्या घरी जमायचं, तिथून बस. हेतू चांगला होता. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक पंचाइती लोकांच्या चांगल्या हेतूंनीच केल्या आहेत. आता, व्यंकोजीरावांना टाइप करायचा कंटाळा. ते फोनला तोंडी सांगतात आणि फोन लिहितो. ते म्हणाले असणार, "ईराचं पोहणं आहे." पण फोनला ते तंजावरी वळण झेपलं नाही. मंडळाच्या गटावर गेला तो निरोप असा: "रविवारी सकाळी सात वाजता नंदकिशोर यांच्या घरी ईराचे पोहे आहेत. सर्वांनी सहकुटुंब यावे." व्याकरण मात्र फोननं व्यवस्थित सांभाळलं.

लग्नाच्या वयाच्या मुलीच्या नावापुढे 'पोहे' हा शब्द दिसला की मराठी माणसाला दोनच अर्थ सुचतात. एक तर फुकटचा नाश्ता, नाहीतर मुलगी दाखवायची आहे. गंमत म्हणजे आमच्या घरात हा निरोप कोणी वाचलाच नाही. माझ्या भावानं, नंदकिशोरनं, तो गट कधीचा गप्प करून ठेवलेला. मी अंताक्षरीवरून भांडून त्यातून बाहेर पडलेली. आणि भावजय हेमलता ईराच्या पथ्यपाण्यात इतकी गुंतलेली की फोन कुठे ठेवलाय हेही तिला आठवत नव्हतं.

रविवारी ईरा पहाटेच उठली. केळं खाल्लं, खांद्याला पट्टी लावली, पिशवी भरली. टँक शहराच्या मध्यात, साडेआठच्या आत तिथे नाव नोंदवायचं, उशीर झाला तर नाव कापलं. सातला निघायचं ठरलं होतं. नंदकिशोर गाडीची किल्ली शोधत होता आणि तेवढ्यात बेल वाजली.

दारात मंडळातल्या सकवारबाई. पैठणी, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा, हातात नारळ. "कुठंय आमची नवरी मुलगी?" म्हणत त्या थेट आत येऊन सोफ्यावर बसल्या. त्यांच्यामागून माणसं येतच राहिली. काहींनी नातवंडं आणली होती, एका आजोबांनी रिकामा डबा आणला होता. "आमच्या हिच्या गुडघ्यामुळे ती येऊ शकली नाही, तिच्यापुरते द्या," असं त्यांनी मला सांगितलं. हॉल भरला, मग व्हरांडा भरला, मग लोक जिन्यावर बसले.

आणि मग बेळगावकडचं एक कुटुंब आलं. नागनाथराव, त्यांच्या पत्नी चंपाबाई आणि मुलगा अभिजीत. आई-बाप टॅक्सीनं, मुलगा मोटारसायकलवर. चंपाबाई मला म्हणाल्या, "मंडळानंच एवढं उघड कळवलंय म्हटल्यावर म्हटलं, आपण बी जाऊन यावं की. मुलगा हेब्बाळला कामाला हाय. चांगलं स्थळ हाय, बघा."

मी हात जोडून सगळ्यांना समजावून सांगितलं की हा शब्दांचा घोळ आहे, मुलीची स्पर्धा आहे, तिला आत्ताच्या आत्ता निघायचंय. सगळ्यांनी ऐकून घेतलं. सगळे म्हणाले, "अरे वा!" उठलं कोणीच नाही.

स्वयंपाकघरात गेले तर हेमलता पोहे भिजवत होती.

"हेमलता, हे काय चाललंय?"

"वन्सं, मला कळतंय हो सगळं," ती कांदा कापता कापता म्हणाली. "पण एवढी माणसं दारात आलीत. त्यांना काय सांगू, चुकीचा शब्द वाचून आलात, परत जा? घरातून कोणी उपाशी गेलंय का आजवर?"

ही तीच हेमलता, जी पंधरा वर्षं पहाटे उठून लेकीचा डबा करत आली. थंडीत टँकच्या काठावर शाल पांघरून बसली, कोणी रंगावरून बोललं की रात्री एकटी रडली आणि सकाळी परत पोरीला टँकवर नेलं. पण दारात पाहुणा आला की आपल्या बायकांचं सगळं शहाणपण फोडणीत जातं. मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली.

ईरा पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. हेमलतानं तिच्या हातात ट्रे दिला. "बाळा, पोहे होतायत. तोवर एवढं पाणी नेऊन दे, नमस्कार कर आणि जा. पाचच मिनिटं. त्यांचंही मन राहील."

ईरा ट्रॅकसूटमध्येच ट्रे घेऊन बाहेर गेली. हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. जगातली सगळ्यात जुनी निवड चाचणी सुरू झाली, आणि हिला नावही नोंदवावं लागलं नाही.

चंपाबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बस की गं जरा. काय काय येतंय करायला?"

"बटरफ्लाय."

"ते गोडातलं का तिखटातलं?"

"पोहण्यातलं."

"असू दे, असू दे. शिकशील हळूहळू. खांदे मात्र रुंद दिसायलेत."

"त्यांचंच काम आहे आज," ईरा म्हणाली. तिनं सगळ्यांना एकदम नमस्कार केला आणि चपला न शोधता बुटात पाय घालून बाहेर पडली. मी तिच्या मागे.

बाहेर आमच्या गल्लीत पाठिंबा उभा होता. म्हणजे व्यंकोजीरावांनी आणलेली बस. पुढच्या काचेवर फलक: "ईरा, मंडळ तुझ्या पाठीशी आहे." पाठीशी नव्हती, ती फाटकासमोर आडवी होती. मागे पाहुण्यांच्या गाड्या, आणि गल्लीचं दुसरं टोक पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवलेलं. आमची गाडी फाटकाच्या आत. बसचा ड्रायव्हर कॉफी प्यायला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती.

"अय्यो, टेन्शन कशाला घेतेस पोरी?" व्यंकोजीराव म्हणाले. त्यांना आतून फोडणीचा वास आला होता. "पोहेपण आहेत की काय? मग दोन्ही करू. सगळे खाऊन घेतात, मग सगळे मिळून जाऊ. स्वल्प अ‍ॅडजस्ट करायचं. काय अक्का, सरी ना, बरोबर ना?"

"काका, ते माझ्यासाठी थांबणार नाहीत," ईरा म्हणाली. पोर कधी रडत नाही, पण त्या क्षणी ती रडेल असं मला वाटलं, आणि मला त्या बसला आग लावावीशी वाटली.

अभिजीत व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभा होता. आत जागा नव्हती म्हणून की लाजून, कोण जाणे. ईरानं त्याच्याकडे पाहिलं.

"तुमची बाइक कुठे आहे?"

"कोपऱ्यावर. आत येईना."

"जास्तीचं हेल्मेट?"

"आहे."

"मला टँकवर सोडाल?"

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, जिथून पोह्यांचा वास येत होता. मग म्हणाला, "चला."

दोघं धावतच कोपऱ्यावर गेली. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला आणि आमच्या व्हरांड्यात, जिन्यावर, खिडक्यांत टाळ्यांचा कडकडाट झाला. सकवारबाई ओरडल्या, "पोहे ताटलीत पडायच्या आत जमलं की हो!" चंपाबाईंनी पदरानं डोळे टिपले. "आमचा अभी कधी कुणाला गाडीवर बसवत नाही," त्या म्हणाल्या. मी सांगायचा प्रयत्न केला, पण त्या आनंदात मला कोण विचारतो? कोणीतरी माझ्याच तोंडात साखर घातली.

मी नंदकिशोरला म्हटलं, "चल, मेन रोडपर्यंत चालत जाऊ, रिक्षा करू." तो नागनाथरावांच्या शेजारी बसला होता. दोघांत निवृत्तिवेतनावर चर्चा रंगली होती. "ताई, तू पुढे हो," तो हळूच म्हणाला. "घरात एवढी माणसं असताना मी उठून कसा येऊ? बरं दिसेल का ते?" देशाचे उपग्रह वर पाठवणाऱ्या खात्यात याची हयात गेली, आणि याला स्वतःच्या सोफ्यावरून उठता येईना.

मी एकटीच निघाले. हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर रिक्षा अडकली. मी ड्रायव्हरला म्हटलं, "स्वल्प बेगा होगी अण्णा, जरा लवकर, पोरीची शर्यत आहे." तो मागे वळून म्हणाला, "लवकरच जायला निघालोय अक्का, पण हे पुढचे सगळेपण लवकर जायलाच निघालेत."

टँकवर पोचले तेव्हा अभिजीत गॅलरीत दोन्ही हेल्मेटं मांडीवर घेऊन बसला होता.

"पोचली का वेळेत?"

"नाव पुकारत होते तेव्हाच पोचलो. फुटपाथवरनं पण घातली गाडी दोन ठिकाणी." मग हेल्मेटं सावरत म्हणाला, "आत्या, मला आई म्हणाली मंडळाचा नाश्ता हाय. शप्पथ, मला दुसरं काही ठाऊक नव्हतं."

ईराची शर्यत लागली. आठ मुली. तिच्या शेजारच्या लेनमध्ये सतरा वर्षांची एक पोर, सगळे जिच्यावर नजर ठेवून होते ती. पहिल्या पन्नास मीटरला ईरा चौथी. दुसऱ्यालाही चौथी. मग तिसरे पन्नास आले. मी कठडा घट्ट धरला. तिचा उजवा हात जरा उशिरा बाहेर येत होता, हे मला एवढ्या लांबूनही दिसत होतं. पण ती मागे पडली नाही. तिथे दरवेळी मागे पडायची, यावेळी पडली नाही. शेवटच्या वळणावर तिनं एकीला गाठलं. मग सरळ पाण्यात ती अशी उसळत राहिली की सकाळपासूनचा सगळा राग दोन्ही हातांनी मागे लोटतेय असं मला वाटलं. माझं ब्लडप्रेशर, माझं वय, सगळं विसरून मी किंचाळत होते. अभिजीत कानडीत ओरडत होता. सतरा वर्षांची पोर पहिली आली. ईराचे दोन्ही हात तिसरीच्या हातांआधी भिंतीला लागले.

दुसरी. दुसरी म्हणजे संघात.

ती पाण्यातच गॅलरीकडे वळली आणि शोधू लागली. मी दोन्ही हात हलवले. तिनंही हात हलवला, पण तिची नजर माझ्या डावी-उजवीकडे फिरत राहिली. आई आणि बाबा दिसतायत का ते ती बघत होती. मला त्या दोघांना तिथे उभं करता आलं असतं तर बरं झालं असतं.

खाली एका वार्ताहरानं तिला गाठलं. "या यशातला सगळ्यात मोठा अडथळा?"

"घरासमोरची बस," ईरा म्हणाली.

मग त्यानं लिहून घेतलं, "प्रवासाची सोय नसताना." पुष्करपेक्षा हा हुशार निघाला.

टॉवेल गुंडाळून ती माझ्याकडे आली. आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून उभ्या राहिलो, माझी साडी ओली झाली. मी रडले. ती म्हणाली, "आईला फोन लाव ना." मी माझा फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे बशांचा आणि चमच्यांचा आवाज येत होता. कोणीतरी अजून लिंबू मागत होतं.

"आई," ईरा म्हणाली, "माझी निवड झाली."

हेमलताचा आवाज आनंदानं भरून आला. "अगं, तुझीच वाट बघत होते! इकडेही झाली! चंपाबाईंना तू फार आवडलीस. त्यांचा होकार आलाय. व्यंकोजीरावांनी गटावर टाकलंसुद्धा, नुसते अभिनंदनाचे निरोप येतायत."

"कुणाचा होकार?" अभिजीत घाबरून म्हणाला. "मी तर अजून पोहेपण खाल्ले नाहीत."

"आई, ऐक. मी देशाच्या संघात आलेय. आत्ता. दुसरी आले."

"हो गं राणी, कळलं ते. तुझ्या पोहण्याचं सांगून झालंय त्यांना. त्यांची काही हरकत नाही. म्हणाले, लग्नापर्यंत पोहायचंय तेवढं पोहून घेऊ दे तिला. फार समजूतदार माणसं आहेत."

ईराच्या केसांतून पाणी गळत होतं. पलीकडे हेमलता तिला किती वाजता घरी येतेस ते विचारत होती, सगळे थांबलेत म्हणत होती, चार पोहे तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेत म्हणत होती.

ईरानं फोन माझ्या हातात दिला आणि खांद्यावरचा टॉवेल काढून अभिजीतकडे टाकला.

"आत्या, तूच बोल तिच्याशी," ती म्हणाली. "मी जरा पोहून येते."